हिरवी शेपटी

१

बशीत एकही हिरवा ठिपका नव्हता.

थोरलीने मायक्रोस्कोपचं चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं, दुसरी बशी घेतली. तीही काळीकुट्ट. पेशी मात्र जिवंत होत्या, बशीच्या तळाला हातपाय पसरून मजेत बसल्या होत्या. थोरलीच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते असं, की बरी जिरली.

मनात आल्याआल्या तिने जीभ चावली. शेजारीच धाकटी उभी होती, पांढऱ्या कोटाची बाही दातांत धरून.

"ताई, काही दिसतंय का हो?"

"नाही."

"एकही नाही?"

"अगं, असता तर मी खिशात घातला असता का?" थोरली म्हणाली, आणि आपण जरा जास्तच तोडून बोललो हे तिचं तिलाच कळलं.

या दोघी बहिणी नव्हत्या. सरांच्या हाताखाली जी पहिल्यापासून राबत होती ती थोरली, आणि मागून येऊन पाहता पाहता सरांच्या गळ्यातला ताईत झाली ती धाकटी. ही नावं चहाच्या खोलीत कुणीतरी थट्टेने पाडली आणि चिकटली. थट्टेत थोडं तथ्य होतं, म्हणूनच ती थोरलीला लागायची.

धाकटीचं काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या शरीरात साखर जाळणारं एक एन्झाइम असतं. ते जन्मापासून नीट बनत नसेल तर एखादं जेवण चुकलं तरी मूल बेशुद्ध पडतं. त्या एन्झाइमचं जनुक धाकटीने एका विषाणूच्या टरफलात भरलं होतं. विषाणूचे दात आधीच पाडलेले. तो कुणाला आजारी करत नसे, फक्त पेशीत शिरून जनुक ठेवून देई. मग पेशी ते एन्झाइम बनवू लागे. ते पेशीत कुठे जाऊन बसतं हे दिसावं म्हणून धाकटीने त्याला हिरव्या उजेडाची शेपटी जोडली होती. असे कोट्यवधी कण इवल्याशा ट्यूबांत गोठवून, उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवलेले असत.

गेल्या महिन्यात याच कणांनी पेशी हिरव्यागार केल्या होत्या. त्या हिरव्याने एक खळबळही उडवली होती. सरांनी उभी हयात सांगितलं की हे एन्झाइम पेशीच्या भट्टीत, म्हणजे जिथे साखर जळते तिथेच, राहतं. धाकटीच्या चित्रांत ते पेशीच्या केंद्रकातही जाऊन बसलेलं दिसत होतं. पुढच्या आठवड्यात बाहेरची समिती हे प्रत्यक्ष पाहायला येणार होती आणि पाहून धाकटीला स्वतःची प्रयोगशाळा देणार होती. आता तिला दाखवायचं काय, तर काळोख. मग आधीची चित्रंही खोटी ठरणार, आणि एकदा खोटी म्हणून गाजलेल्या माणसाला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही.

दुपारी सरांनी थोरलीला खोलीत बोलावलं. रविवारीच ते बाहेरगावचं व्याख्यान आटोपून परतले होते. खुर्चीत मागे रेलून त्यांनी थर्माकोलच्या एका रिकाम्या पेटीवर पाय पसरले होते. हल्ली गुडघे दुखायचे.

"थोरले, खरं सांग. त्या बशांत आधी तरी काही होतं का?"

"चित्रं आहेत की, सर."

"चित्रं रंगवताही येतात." सरांनी डोळे मिटले. "तू शोध घे. तुझ्याइतकी बारीक नजर इथे कुणाची नाही. समिती येण्याआधी मला चार ओळी लिहून दे. तोवर त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी तिला बजावलंय."

बारीक नजर! किती वर्षांनी हे कानावर पडलं होतं. थोरलीला वाटलं, आपण पुन्हा तरुण झालो.

ती दाराशी पोचली तेव्हा मागून सर म्हणाले, "आणि ती लबाडी करत असेल, तर तिच्या जागेसाठी मी तुझं नाव सुचवीन. खरं तर त्या जागेवर आधी तुझाच हक्क होता."

२

फ्रीझरचं दार उघडल्यावर थंड वाफेचा लोट पायांवर आला. जाड हातमोजे घालून थोरलीने धाकटीचा पुठ्ठ्याचा डबा बाहेर काढला. आत खणांची जाळी, खणाखणांत ट्यूबा, प्रत्येक झाकणावर धाकटीच्या गोल अक्षरातला आकडा.

थोरलीने आकड्यांवरून नजर फिरवली. पहिली ओळ उजव्या टोकाला संपत होती आणि तिथेच, तिच्या खालीच, दुसरी सुरू होत होती. नजर कुठे अडखळत नव्हती. बाकी काही असो, पोरीने डबा नीट ठेवलाय, असं थोरलीला वाटलं. तिने डबा परत ठेवला आणि धाकटीला समोर बसवलं.

"पहिल्यापासून सांग."

"सोमवारी सकाळी दोन ट्यूबा काढल्या, वरच्याच ओळीतल्या. मागचा डबा संपला होता, हा पहिल्यांदाच उघडला. पण दोन्ही एकाच दिवशी बनवलेले, ताई. एकाच भांड्यातला माल."

"उघडताना काही वेगळं?"

धाकटी जरा घुटमळली. "हसाल तुम्ही. झाकण फिरवलं तर फुस्स झालं."

"फुस्स?"

"अगदी बारीक. बाटली उघडल्यासारखं. आणि वितळल्यावर पाणी पिवळं दिसलं. एरवी गुलाबी असतं."

थोरली हसली नाही. त्या पाण्यात एक रंग मुद्दामच घातलेला असतो. पाणी ठीक असेल तर गुलाबी; आंबट झालं की पिवळं. आणि हे कण आंबट पाण्यात टिकत नाहीत. म्हणजे ट्यूबेत काहीतरी आंबट शिरलं होतं. पण गोठलेल्या, झाकण लावलेल्या ट्यूबेत आंबट शिरणार कुठून?

"मग पिवळं दिसलं तेव्हाच का नाही थांबलीस?"

"घाई झाली. समिती डोक्यावर." धाकटीचे डोळे भरून आले. "आणि शेवटच्या दोन ट्यूबा कमी आहेत. मला वाटलं, मीच मोजायला चुकले असेन."

कमी आहेत! थोरली खुर्चीत सावरून बसली. एकतर कुणीतरी त्या नेल्या होत्या. नाहीतर ही पोर आत्ता, इथे बसल्या बसल्या, चोर तयार करत होती. डोळ्यांत पाणी आणणं काही कठीण नसतं.

"कुणावर संशय?"

धाकटी बाहीचा दोरा ओढू लागली.

"बोल की."

"चहाच्या खोलीत सगळे म्हणतात…" धाकटीने मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. "सगळे म्हणतात, थोरलीनेच केलं."

"आणि तुला काय वाटतं?"

धाकटीने डोळे पुसले आणि ती उठून बाहेर गेली.

३

आळ आपल्यावरच आहे म्हटल्यावर थोरलीचा पारा चढला. तिने आधी जावयाला गाठलं.

जावई म्हणजे धाकटीचा नवरा. फ्रीझर दुरुस्त करणं हे त्याचं काम. बायको लॅबची लाडकी लेक, म्हणून हा लॅबचा जावई. प्रत्येक फ्रीझरची किल्ली त्याच्या कमरेला लटकलेली असायची आणि चालताना ती वाजायची.

"जावईबापू, गेल्या आठवड्यात फ्रीझर गरम झाला होता का?"

"माझा फ्रीझर गरम झाला तर भोंगा वाजून तुमच्या कानठळ्या बसतील. आणि मग एकट्या हिच्याच ट्यूबा कशा मरतील? त्याच खणात तुमच्याही आहेत."

ते खरं होतं. थोरलीच्या ट्यूबा काल ठणठणीत निघाल्या होत्या.

"ही नवी जागा तिला मिळाली तर तुम्हाला आवडेल?"

जावयाने पाना खाली ठेवला. "खरं सांगू? नाही. आत्ताच ती घरी पाहुण्यासारखी येते. माझ्याशी दोन शब्द, त्या पेशींशी दिवसभर गप्पा. ताई, नवऱ्याला दुसऱ्या पुरुषाचा हेवा वाटतो. मला बशीचा वाटतो." तो कसनुसा हसला. "पण तिच्या ट्यूबांना मी हात लावला असता तर ती मला घरात घेईल का? मला माझ्या जिवाची काळजी आहे."

दुसरा संशयित म्हणजे कवी. हा धाकटीच्या शेजारच्या टेबलावर बसे, चहाच्या खोलीतल्या फळ्यावर चारोळ्या खरडे, आणि त्याच जागेसाठी त्यानेही अर्ज केला होता. धाकटीचा विषय निघाला की त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होई. थोरलीला पाहताच तो आपणहून बोलू लागला, आणि आपणहून बोलणाऱ्याकडे थोरली नेहमीच जरा रोखून पाहायची.

"कबूल करतो, ताई. मीच नेला."

"काय नेलास?"

"ड्राय आइस. तळघरातला. तुम्ही त्यासाठीच आलात ना?" मग त्याच्या लक्षात आलं की त्यासाठी नाही, आणि तो ओशाळला. "मुलीच्या शाळेत नाटक होतं शनिवारी. ढगांचा देखावा. त्या बर्फाचा धूर छान निघतो ना! धूर काय मस्त झाला, पण सरबताची वाट लागली."

"सरबताचं काय मध्येच?"

"मुलीच्या सरबताची बाटली गार राहावी म्हणून मी त्या बर्फाच्याच पेटीत टाकली. झाकण सैल राहिलं असणार. नंतर उघडलं तर फसफसून तिच्या परीच्या पोशाखावर! सरबताचा पार सोडा झाला होता. बायकोने अजून अबोला धरलाय."

थोरलीला हसू आवरलं नाही.

"पण मी थोडासाच नेला हं. अर्ध्याहून जास्त तसाच होता. सोमवारी पाहिलं तर खडखडाट. तो काही माझ्या नाटकाला गेला नाही."

"मग कुणाच्या?"

"ते मला विचारू नका." कवीने आवाज खाली आणला. "मला एवढंच ठाऊक आहे की धाकटी गेली तर सर आधी तुमचा विचार करतील, माझा नाही. लोक काय बोलतात ते तुम्हाला कळलंच असेल."

४

"काय म्हणते तुझी सवत?" नवऱ्याने जेवताना विचारलं. थोरलीचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात सगळ्यांची खोडी काढायचा.

"तिचं नाव काढू नकोस."

"बरं, नाही काढत. पण चोर सापडला का?"

"चोर नाहीच. ती खोटं बोलतेय." थोरलीने भाताचा घास कालवला आणि तसाच ठेवला. "आधीची चित्रं रंगवली, आता प्रत्यक्ष दाखवायची वेळ आली तर ट्यूबा मेल्या. सोयीचं आहे की नाही?"

"तुला तसं वाटतं, का तसं असावं असं वाटतं?"

ती उठून गेली. नवरा मागून काहीतरी म्हणाला ते तिने ऐकलं नाही.

बाहेरच्या खोलीत बसून तिने मनातल्या मनात त्या चार ओळी जुळवल्या. शब्द भराभर येत होते. या प्रयोगशाळेतली पहिली पेशी तिने वाढवली होती. तेव्हा सर तिच्या शेजारी उभे राहून तिचा हात धरून शिकवायचे. ट्यूब कशी धरायची, डबा कसा भरायचा, सगळं. धाकटीला सरांनी हात धरून काही शिकवलं नाही. तोवर त्यांचे गुडघे दुखायला लागले होते आणि ते खुर्चीतूनच बोलायचे. तरी कौतुक धाकटीचं, फोटो धाकटीचा, पाहुण्यांसमोर 'माझी विद्यार्थिनी' म्हणून पुढे करायची ती धाकटीच. थोरली त्या वेळी चहाचं पाहत असायची.

सकाळी लिहून देऊन टाकू, असं ठरवून तिला शांत झोप लागली.

सकाळी ती आधी फ्रीझरशी गेली. स्वतःसाठी एक ट्यूब हवी होती. तिच्या डब्यावर धाकटीचा दुसरा एक डबा ठेवलेला होता, निराळ्या जनुकाचा. तो बाजूला करताना झाकण सरकलं आणि आकडे दिसले. थोरलीची नजर पहिल्या ओळीवरून उजवीकडे गेली, खाली उतरली आणि अडखळली. इथे दुसरी ओळ डावीकडून सुरू होत होती. तिसरीही डावीकडून. पुस्तकात ओळी लिहितात तशा.

थोरलीने हातातला डबा खाली ठेवला. मग धाकटीचा तो मेलेल्या कणांचा डबा काढून पाहिला. पहिली ओळ उजवीकडे जाणारी. दुसरी तिथूनच डावीकडे वळणारी. तिसरी पुन्हा उजवीकडे. शेतात नांगर वळतो तशी.

शेवटी तिने तिसरा डबा उघडला, स्वतःचा. तोही तसाच नांगरलेला होता.

फ्रीझरचा भोंगा ओरडायला लागला, दार उघडं राहिल्याचा. तो तिला बराच वेळ ऐकूच आला नाही. धाकटीच्या डब्यातल्या ट्यूबा कुणीतरी बाहेर काढून परत भरल्या होत्या, आणि ज्याने कुणी भरल्या त्याचा हात थेट थोरलीचा हात होता.

५

कालपासून तो डबा तिला इतका नीटनेटका का वाटला, हे आता कळलं. स्वतःच्या घरातली मांडणी माणसाच्या डोळ्यांत भरत नाही.

थोरली दार लावून शांत बसली आणि एकेक गोष्ट जोडू लागली. ट्यूबा डब्यातून बाहेर कशाला काढल्या? डबा जिथे मावत नाही तिथे ठेवायला. छोट्या पेटीत. पेटीत कशासाठी? कुठेतरी न्यायला. गोठलेल्या ट्यूबा नेताना भोवती ड्राय आइस घालावा लागतो; तळघरातला बर्फ संपला होता. आणि ड्राय आइसमध्ये सैल झाकणाच्या सरबताचं काय होतं, ते कवीच्या लेकीच्या पोशाखाने सिद्ध केलं होतं. तो बर्फ वितळत नाही, त्याचा नुसता वायू होतो, सोड्यात असतो तोच. त्या भयंकर गारठ्यात झाकणातलं रबर आकसतं, वायू ट्यूबेत शिरून बसतो. लगेच उघडली तर फुस्स. लगेच वितळवली तर तोच वायू पाण्यात मुरतो, आणि पाणी आंबट होतं. पिवळं. कण खलास.

पण लगेच वितळवली तरच! त्यानंतर ट्यूब काही दिवस साध्या फ्रीझरमध्ये पडून राहिली तर वायू हळूहळू निघून जातो. म्हणजे डब्यातल्या बाकीच्या ट्यूबा अजून जिवंत असायला हव्यात.

धाकटी खोटी नव्हती तरच.

थोरलीने डब्यातल्या दोन ट्यूबा काढल्या. एक ड्राय आइसमध्ये पुरून दुसऱ्या दिवशी तशीच उघडली. फुस्स. पाणी पिवळं. दुसरी फ्रीझरमधून सरळ काढली. आवाज नाही. पाणी गुलाबी. दोन्ही निरनिराळ्या बशांतल्या पेशींवर घातल्या आणि वाट पाहत राहिली. सरांनी दोनदा विचारलं, "लिहिलंस का?" तिने दोनदा सांगितलं, "लिहितेय."

पेशींना वेळ देऊन झाल्यावर एका सकाळी, कुणी यायच्या आधी, तिने बशा मायक्रोस्कोपखाली सरकवल्या. पहिली काळी.

दुसरीने तिचे डोळे दिपवले. पेशीमागून पेशी हिरवी, आणि प्रत्येकीच्या पोटात, अगदी केंद्रकात, हिरव्याचा दाट गोळा. रंगवलेलं नव्हतं. समोर, जिवंत, आत्ता चालू होतं. धाकटीने पाहिलं ते खरं होतं, आणि ते आजवर जगात कुणी पाहिलेलं नव्हतं. हे आपल्याला का नाही दिसलं? आपण काय कमी राबलो?

टेबलाखाली ब्लीचची बाटली होती. काम संपलेल्या बशा त्यातच बुडवतात. दोन झाकणं ओतली की संपलं. कुणाला ठाऊकही नव्हतं की ही बशी आहे. वर तिने तोंड उघडलं तर तो नांगरलेला डबा तिच्याकडेच बोट दाखवणार होता. बाटली तिने उचलली. झाकणही फिरवलं.

दारात पावलं वाजली, आणि ती तशीच बाटली हातात धरून वळली.

६

दारात सर होते.

"आज तरी देणार का लिहून?"

"बसा ना, सर." थोरलीने बाटली झाकण लावून खाली ठेवली. तिने एक रिकामा डबा आणि आकडे घातलेल्या जुन्या रिकाम्या ट्यूबांचा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला. "बोलता बोलता एवढ्या भरून देता का? माझी पाठ भरून आलीय."

सरांना बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्यांच्या हाताला असं काम मिळालं नव्हतं. ते बोलू लागले. धाकटी हुशार आहे पण उतावळी आहे. केंद्रकात एन्झाइम दिसलं असेलच तर ते शेपटीमुळे भरकटलं असेल. तरुणांना आधी नाव हवं असतं. बोटं आपापली चालली होती. पहिली ओळ उजवीकडे. दुसरी वळून डावीकडे. तिसरी पुन्हा उजवीकडे.

"सर, खाली बघा."

त्यांनी पाहिलं. बोटं थांबली.

"अशी भरणारी माणसं इथे दोनच आहेत," थोरली म्हणाली. "एक तुम्ही. दुसरी तुम्ही शिकवलेली. आणि मी नेल्या नाहीत."

सरांनी चष्मा काढला. त्यांनी नाकारलं असतं तर तिच्याजवळ धड पुरावा नव्हता, पण त्यांनी नाकारलं नाही.

"व्याख्यानाला गेलो तिथे माझा मित्र आहे. त्याच्या मायक्रोस्कोपखाली एकदा स्वतः पाहावं म्हणून नेल्या, कमी पडू नयेत म्हणून सगळ्याच. बाकी काही मनात नव्हतं, आईशपथ." म्हाताऱ्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "तिथे दोन उघडल्या. मी परतल्यावर त्याचा फोन आला, सगळं काळं. मला वाटलं, चला, म्हणजे मीच बरोबर होतो. उगाच नाही वाटलं. खरंच वाटलं."

"तुम्हाला तसं वाटायला हवं होतं."

"हो." मग ते हळूच म्हणाले, "उभा जन्म गेला गं त्या भट्टीवर. आणि कालची पोर येते, एक शेपटी लावते…"

"ती पेटी. पाय ठेवता ती. त्यात ड्राय आइस होता. त्या वायूने आंबट झालं सगळं." तिने मायक्रोस्कोपकडे बोट केलं. "ही फ्रीझरमध्ये राहिलेली. बघा."

सर वाकले. गुडघे कुरकुरले. ते इतका वेळ वाकून राहिले की थोरलीला वाटलं, रडताहेत. पण सरळ झाले तेव्हा डोळे कोरडे होते.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग…" त्यांची नजर ब्लीचच्या बाटलीवर गेली. तिच्यावरून थोरलीवर आली. "जागा तुला हवी होती ना?"

थोरलीला अचानक सगळं उमगलं, आणि बर्फाच्या पेटीत हात घातल्यासारखं झालं. "म्हणून शोधायला मला सांगितलंत. बारीक नजर वगैरे काही नाही. मी जळते तिच्यावर, आणि जळणारी बाई तुम्हाला हवं तेच शोधून देईल. आणि डबा कुणी पाहिलाच असता, तर नाव माझं आलं असतं. हे सुचलं होतं ना तुम्हाला?"

सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी नाही म्हणावं म्हणून ती थांबली होती. पुरेसा वेळ थांबली.

"मी जळते, सर. आत्ताही जळतेय. पण जे दिसलं ते दिसलं. आता तुम्ही जा आणि तिला बोलावून आणा. ट्यूबा कुणी नेल्या, ते तुमच्या तोंडून तिला सांगा. समितीलाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी सांगेन. आणि डबे उघडून ठेवीन, तुमचा, माझा, तिचा. कुणी काहीही म्हणो."

सर टेबलाच्या काठावर हात टेकत उठले आणि गेले.

थोड्या वेळाने काचेपलीकडे थोरलीला दोघं दिसली. सर उभ्याने बोलत होते, धाकटी ऐकत होती, तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती धावत आत आली, मायक्रोस्कोपवर झुकली आणि "अय्या!" एवढंच म्हणाली. सर मागून आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूर्वी ते थोरलीच्या डोक्यावर ठेवायचे तसाच. तिने तो झटकला.

थोरलीला वाटलं होतं, हे पाहून बरं वाटेल. पण तसं झालं नाही; तो हात तिच्या डोक्यावर आला असता तर तिने झटकला नसता.

सर गेल्यावर धाकटी तिच्याजवळ आली. "ताई, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत, मला काय वाटतं. मी चहाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं होतं, ताई माझ्यावर जळतात हे खरं, पण ट्यूब मारणार नाहीत. तुमच्यासमोर बोलवेना."

"का?"

"जळतात म्हटलेलं तुम्हाला लागलं असतं."

"लागलं," थोरली म्हणाली. "जा, फोटो काढून घे. पेशी तुझ्यासाठी थांबणार नाहीत."

धाकटी गेली. थोरली फ्रीझरशी बसली, धाकटीचा डबा घेतला, ट्यूबा बर्फाच्या ट्रेमध्ये काढल्या आणि परत भरायला लागली. पहिली ओळ भरून झाली. हात सवयीने तिथेच खाली वळला. तिने ट्यूब उचलली, हात मागे आणला आणि दुसरी ओळ डावीकडून सुरू केली.